स्वस्त बीज, महाग सौदा
कोळंबीच्या धंद्यात सगळा भरवसा आईच्या निवडीवर

खाडीकाठी खार जमीन असणाऱ्यांना आणि गाठीला थोडे भांडवल असणाऱ्या व्यापाऱ्यांना कोळंबीच्या तलावांचे आकर्षण वाटते. चार महिन्यांत पीक, परदेशात मागणी आणि रोखीचा व्यवहार, अशी वर्णने कानावर पडतात. आकडेही लहान नाहीत. २०२३-२४ या वर्षात भारतातून सुमारे ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी परदेशी गेली आणि तिच्यापोटी सुमारे ४० हजार कोटी रुपये देशात आले. परंतु या धंद्यात पडू पाहणारा मनुष्य बहुधा तलाव किती एकराचा, खाद्य कोणत्या कंपनीचे आणि वीज किती तास मिळेल, एवढेच विचारतो. ज्या बीजावर हा सगळा डोलारा उभा राहतो ते बीज कोणत्या आईच्या पोटचे आहे, हे विचारणारे फार थोडे.

सूतच कच्चे असेल तर विणकराने मागावर कितीही मेहनत घेतली तरी कापड टिकत नाही. भिवंडी-मालेगावच्या कारागिरांना ही गोष्ट सांगायला नको. कोळंबीच्या धंद्यात सुताच्या जागी बीज आहे आणि सूतगिरणीच्या जागी हॅचरी. हॅचरीत ज्या मोठ्या नर-मादी कोळंबीपासून बीज काढतात त्यांना धंद्याच्या भाषेत ब्रूडर आणि त्यांच्या साठ्याला ब्रूडस्टॉक म्हणतात. आपण त्यांना जनक कोळंबी म्हणू. या जनक कोळंबीची निवड, खुराक आणि निगा कशी होते, त्यावर तलाववाल्याचा नफा-तोटा बराचसा आधीच ठरून गेलेला असतो.

समुद्रातल्या आईवर चाललेला धंदा

कोळंबी माणसाच्या हाताखाली अंडी देऊ शकते, हे जपानमधील मोतोसाकू फुजिनागा या शास्त्रज्ञाने १९३४ साली प्रथम दाखवून दिले. पुढे तैवानमध्ये १९६८ साली ‘टायगर’ कोळंबीचे बीज हॅचरीत तयार झाले आणि आशियाभर तलाव वाढत गेले. आपल्याकडे १९९० नंतर आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर या टायगर कोळंबीची लाट आली.

त्या काळी हॅचरीत आईची पैदास होत नव्हती. समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात अंड्यावर आलेली मोठी मादी सापडली की तिला जिवंत किनाऱ्यावर आणत आणि हॅचरीवाले तिचा सौदा करत. हंगामात एकेका मादीला हजारो रुपये पडत. एवढी रक्कम मोजलेली मादी आजारी असली तरी फेकून देण्याची हिंमत कोणाला होणार? तिच्यापासून मिळेल तेवढे बीज काढायचे आणि विकून मोकळे व्हायचे, असा प्रकार अनेक ठिकाणी होई.

१९९४-९५ साली पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. हा विषाणूचा रोग आहे. कवचावर पांढरे ठिपके दिसू लागल्यावर आठ-दहा दिवसांत तलावच्या तलाव मरून जात. खाद्य उधार, डिझेल उधार आणि तलावात मेलेली कोळंबी, अशी अवस्था अनेक लहान शेतकऱ्यांची झाली. हा विषाणू पाणी, खेकडे आणि पक्षी यांच्याद्वारेही पसरतो. पण त्याचा एक मोठा रस्ता आईकडूनच येतो, हे पुढे स्पष्ट झाले. मादी वरून धडधाकट दिसते, विषाणू तिच्या अंगात दबून असतो, आणि अंडी देण्याच्या ताणात तो जोर धरून पिलांपर्यंत पोहोचतो. समुद्रातून आलेल्या आईच्या अंगात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. धंद्याचा पायाच असा अंदाजावर उभा होता.

२००९ नंतरचा बदल

यावर उपाय निघाला तो कोंबडीच्या धंद्यासारखा. बाजारात विकले जाणारे ब्रॉयलर ज्या कोंबड्यांपासून येतात तो पालक कळप वेगळा असतो. तो वेगळ्या जागी, काटेकोर देखरेखीखाली वाढवतात. बाजारातल्या ब्रॉयलरपासून पुढचे ब्रॉयलर कोणी काढत नाही. अमेरिकेतील हवाई बेटांवर १९९० च्या सुमारास वन्नामेई जातीच्या कोळंबीचे असेच पालक कळप तयार झाले. पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त जागेत, स्वच्छ पाण्यात, वारंवार तपासण्या करून वाढवलेल्या या कोळंबीला ‘एसपीएफ’ म्हणतात. म्हणजे ठरावीक रोगांच्या यादीपासून मुक्त असलेली कोळंबी.

भारतात २००९ साली वन्नामेईला परवानगी मिळाली. परदेशातून येणारी प्रत्येक जनक कोळंबी आधी चेन्नईजवळ नीलंकराई येथील सरकारी विलगीकरण केंद्रात ठेवायची, तिची तपासणी करायची आणि मगच परवाना असलेल्या हॅचरीला द्यायची, अशी व्यवस्था झाली. पुढे विशाखापट्टणमजवळ जनक कोळंबी देशातच मोठी करण्याचे केंद्रही उभे राहिले. तेथे निवडक जातिवंत पिले आणून बंदोबस्तात वाढवतात आणि मोठी झाल्यावर हॅचरींना देतात. हॅचरींचा परवाना आणि देखरेख चेन्नईच्या कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीकडे आहे. त्यासाठी २००५ साली कायदा झाला आणि २०२३ साली त्यात दुरुस्ती होऊन जनक कोळंबी वाढवणारी केंद्रेही त्याच्या कक्षेत आली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बीज विकणारे दलाल ‘एसपीएफ आहे, रोग होणारच नाही’ असे बिनदिक्कत सांगतात. हे खरे नाही. एसपीएफ म्हणजे आज तिच्या अंगात यादीतले रोग नाहीत, एवढेच. उद्या घाणेरड्या पाण्यात टाकली तर तिलाही रोग होईल. किंबहुना रोगाचा सामना करण्याची ताकद हा वेगळाच गुण आहे. स्वच्छ धुतलेला सदरा चिखलात नेला तर मळणारच.

हॅचरीच्या अंधाऱ्या खोलीत

जनक कोळंबी ठेवण्याची खोली हॅचरीच्या इतर भागापासून वेगळी असते. आत उजेड अगदी मंद ठेवतात, आवाज होऊ देत नाहीत, आणि पाय-हात जंतुनाशकात बुडवल्याशिवाय कोणाला आत घेत नाहीत. समुद्राचे पाणी गाळून, त्यातले जंतू मारून वापरतात. पाण्याचे तापमान साधारण २८ अंश आणि खारटपणा समुद्राइतका ठेवतात. टाकीतले पाणी रोज बदलावे लागते. तापमान वर-खाली झाले तर मादी अंड्यावर येत नाही, आणि फार उष्णतेने नराचे वीर्य बिघडते. पुष्कळ हॅचरीवाले मादीकडेच लक्ष देतात, नराकडे दुर्लक्ष करतात. मग अंडी भरपूर निघतात पण फुटत नाहीत, आणि दोष मादीवर ढकलला जातो.

खुराक हा मोठा खर्च आहे. नुसत्या गोळी खाद्यावर मादी अंड्यावर येत नाही. माकुल, शिंपल्या आणि चिखलात राहणारे पॉलिकीट नावाचे किडे असा ताजा खुराक दिवसातून अनेकदा द्यावा लागतो. या किड्यांतील स्निग्धांशामुळे अंडी चांगली भरतात. पण हेच किडे खाडीच्या चिखलातून काढलेले असले तर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आणि आतड्याचे रोग त्यांच्यासोबत आत येतात. लाखो रुपयांची निरोगी आई आणायची आणि तिला गटाराजवळच्या चिखलातले किडे चारायचे, हा प्रकार म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार उघडे टाकण्यासारखे आहे. किडे गोठवले म्हणजे विषाणू मरतोच असेही नाही. म्हणून चांगल्या हॅचरी तपासलेले किंवा बंदिस्त जागेत वाढवलेले किडेच वापरतात.

वन्नामेईच्या मादीची अंडी तयार झाली की पाठीवरून नारिंगी पट्टा दिसू लागतो. कामगार संध्याकाळी विजेरी घेऊन अशा माद्या ओळखतो आणि नरांच्या टाकीत सोडतो. रात्री मीलन झालेल्या माद्या अलगद उचलून अंडी देण्याच्या टाकीत ठेवतात. एक मादी एका वेळी साधारण लाख-दोन लाख अंडी देते. बारा ते सोळा तासांत अंडी फुटून नॉप्लियस नावाची पिले बाहेर पडतात. ही पिले उजेडाकडे धावतात. टाकीच्या एका बाजूला दिवा लावला की दमदार पिले वर येऊन तेथे जमतात, दुबळी तळाला राहतात. वर आलेलीच घ्यायची आणि तळाची सोडून द्यायची, हा नियम आहे. लोभापायी तळाचीही घेतली की मरतुक तेथूनच सुरू होते. पुढे झोइया आणि मायसिस या अवस्था पार करून पिलू ‘पोस्ट लार्व्हा’ होते. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ते विक्रीला येते. बाजारात त्यालाच ‘पीएल’ म्हणतात.

आता गुणाकार करा. एका वेळच्या अंड्यांतून निम्मी पिले जरी विक्रीपर्यंत टिकली तरी पन्नास हजारांच्या वर बीज मिळते, आणि मादी अशी अनेकदा अंडी देते. म्हणजे एका आईची खोट एका तलावापुरती राहत नाही, ती कित्येक गावांत पोहोचते.

डोळा कापण्याची रीत

बंदिस्त टाकीत मादी सहजासहजी अंड्यावर येत नाही. कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते आणि तिच्यातून अंडी वाढू न देणारा रस स्रवतो. म्हणून हॅचरीत मादीच्या एका डोळ्याचा देठ कापतात किंवा चिमट्याने दाबून टाकतात. मग काही दिवसांतच ती अंड्यावर येते, आणि पुन्हा पुन्हा येत राहते. जगभरच्या हॅचरी अनेक वर्षे या रीतीवर चालत आल्या.

परंतु यात मादीची झीज होते. खुराक कमी पडला आणि अंडी सतत काढली तर प्रत्येक खेपेला अंड्यांचा कस उतरत जातो. शहाणा हॅचरीवाला प्रत्येक मादीच्या दुसऱ्या डोळ्यात क्रमांकाची लहान कडी अडकवतो, तिने किती वेळा अंडी दिली, किती फुटली, हे वहीत मांडतो आणि कस उतरला की तिला काढून टाकतो. साधारण तीन-चार महिन्यांत साठा बदलावा लागतो. वही न ठेवणारा मात्र मादी मरेपर्यंत पिळत राहतो.

अलीकडे डोळा न कापता बीज काढण्याचे प्रयोग यशस्वी होत आहेत. होंडुरासमधील एक हॅचरी आणि स्कॉटलंडचे स्टर्लिंग विद्यापीठ यांच्या अभ्यासात असे आढळले की डोळा न कापलेल्या मादीची पिले रोगाला अधिक तोंड देतात. माद्या थोड्या जास्त ठेवाव्या लागतात, चांगला खुराक आणि नर-मादीची योग्य जुळणी करावी लागते, पण बीज घटत नाही. युरोपातले काही मोठे खरेदीदार आता असाच माल मागू लागले आहेत. मुक्या जिवाला कमी यातना आणि माल सरस, असा हा दुहेरी फायद्याचा सौदा आहे.

खोट कोठे होते?

परवानगी असलेली जनक कोळंबी महाग पडते. विमानभाडे, विलगीकरण, तपासणी आणि प्रवासातली मरतुक हे सगळे त्यात येते. म्हणून काही जण आडवाट धरतात. शेतकऱ्याच्या तलावातलीच मोठी झालेली कोळंबी उचलायची, तिला आई बनवायचे आणि बीज स्वस्तात विकायचे. कायद्याने याला मनाई आहे, तरी हा माल बाजारात फिरतो.

यात दोन मोठे धोके आहेत. पहिला रोगाचा. उघड्या तलावातून आलेली कोळंबी काय काय सोबत घेऊन येते याचा नेम नाही. दुसरा धोका रक्ताचा. एका तलावातली कोळंबी बहुधा मोजक्या आईबापांची लेकरे असतात. त्यांच्यातच जोड लावली की भाऊ-बहिणींची संतती होते. शेळीपालन करणाऱ्याला हे ठाऊक आहे. एकाच बोकडावर कळप पिढ्यान्‌पिढ्या चालवला तर करडे खुजी होतात, दुबळी निघतात. कोळंबीतही तसेच होते. वाढ खुंटते, आकार लहान-मोठा निघतो आणि रोग आला की आधी हीच मरते. जातिवंत कळप राखणारी केंद्रे अनेक घराणी वेगवेगळी ठेवून, नोंदी पाहून जोड्या लावतात ते याचसाठी.

आजच्या काळात पांढऱ्या ठिपक्यांहून कपटी असा एक रोग आहे. त्याला ‘ईएचपी’ म्हणतात. तो कोळंबीच्या यकृतासारख्या पचनग्रंथीत बसतो. कोळंबी लगेच मरत नाही, खात राहते, पण वाढत नाही. शेतकरी खाद्य टाकत राहतो आणि दोन महिन्यांनी जाळे टाकल्यावर डोक्याला हात लावतो. दूषित खुराक आणि रोगी आई हे हॅचरीत या रोगाच्या शिरकावाचे मोठे रस्ते आहेत.

आणखी एक खोट औषधांची. दुबळ्या आईची दुबळी पिले जगवण्यासाठी हॅचरीत प्रतिजैविके ओतली जातात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांवर बंदी आहे. निर्यातीच्या मालात त्यांचा अंश सापडला तर परदेशात कंटेनर नाकारला जातो. चूक एकाची असली तरी नाव साऱ्या देशाच्या मालाचे जाते.

कागदावरचा हिशोब

व्यापाऱ्याला आकड्यांची भाषा लवकर समजते. पुढील दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, एक लाख बीज ४० पैशांनी घेतले, म्हणजे ४० हजार रुपये. त्यातले ८० हजार जगले आणि २० ग्रॅमचे झाले तर १,६०० किलो माल निघतो. किलोला दीड किलो खाद्य धरले तर २,४०० किलो खाद्य लागते. ८५ रुपये दराने ते २ लाख ४ हजारांचे होते. किलोत ५० नग बसतात, म्हणून या मालाला ५० काउंट म्हणतात. ३५० रुपये दर मिळाला तर ५ लाख ६० हजार हाती येतात. बीज आणि खाद्य वजा जाता ३ लाख १६ हजार उरतात. त्यातून वीज, मजुरी आणि भाडे भागवायचे.

आता दुसऱ्या शेतकऱ्याने ३० पैशांचे बीज घेतले आणि १० हजार वाचवले. बीज खोटे निघाले. ६० हजार जगले, १२ ग्रॅमवर अडकले, म्हणजे ७२० किलो माल. खाद्य मात्र १,५०० किलो गेले, ते १ लाख २७ हजार ५०० रुपयांचे. माल बारीक, किलोत ८३ नग, दर २५० रुपये. आले १ लाख ८० हजार. बीज आणि खाद्य वजा जाता उरले फक्त २२ हजार ५००, आणि वीज, मजुरी, भाडे अजून द्यायचेच आहे. दहा हजार वाचवण्यासाठी जवळजवळ तीन लाख गेले.

बीज घेताना काय पाहावे?

कोकणातल्या खाडीकाठच्या तलावांना बहुधा आंध्र-तामिळनाडूच्या हॅचरींतूनच बीज आणावे लागते. माल लांबून येतो, मध्ये दलाल असतात, म्हणून अधिक सावध राहावे.

१. हॅचरीचा ऑथॉरिटीचा परवाना चालू आहे का ते पाहावे आणि पक्के बिल घ्यावे.

२. जनक कोळंबी कोणत्या केंद्रातून, कोणत्या महिन्यात आली, याचे कागद मागावेत. ‘आमचीच आहे’ असे उत्तर मिळाले तर सौदा तेथेच सोडावा.

३. पांढरे ठिपके आणि ईएचपी यांचा पीसीआर तपासणी अहवाल पाहावा. तो आपण घेत असलेल्या टाकीचाच हवा. अहवाल नमुन्यापुरता असतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून आईची तपासणी अंडी दिल्यानंतर झाली आहे का, हे विचारावे. तेव्हा दबलेला विषाणू पकडला जाण्याची शक्यता अधिक असते.

४. घमेल्यात पाणी फिरवून बीज सोडावे. दमदार पीएल प्रवाहाविरुद्ध पोहतात, दुबळे मध्यभागी गोळा होतात. आकार एकसारखा आणि पोटातली खाद्याची रेघ भरलेली असावी.

५. थोडे बीज कमी खारट पाण्यात तास-दोन तास ठेवून किती टिकते ते पाहावे.

६. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून बीज आल्यावर घाईने तलावात ओतू नये. तलावाच्या पाण्याचे तापमान आणि खारटपणा यांची त्याला हळूहळू सवय करावी.

एकट्याच्या मागणीला हॅचरीवाला फारसा जुमानत नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून मागणी नोंदवली, एक माणूस हॅचरीवर पाठवला आणि तपासणीचा खर्च वाटून घेतला तर बीजामागे काही पैसेच वाढतात. व्यापारात एकमेकांचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

हॅचरी चालवणाऱ्यांनीही विचार करावा. स्वस्त आई आणून या हंगामात चार पैसे अधिक मिळतील, पण ज्याचा तलाव बुडाला तो पुढच्या हंगामात बीज घ्यायला उरतच नाही. १९९४-९५ नंतर तलावांबरोबर अनेक हॅचरींचीही दारे बंद झाली, ती याच मार्गाने. गिऱ्हाईक जगले तर दुकान जगते. कोळंबीच्या धंद्यात गिऱ्हाइकाचे हे जगणे त्या अंधाऱ्या खोलीतल्या टाकीपासून सुरू होते, जेथे कोणी पाहत नसताना एक माणूस विजेरी घेऊन ठरवतो की ही मादी ठेवायची की काढायची.